पिंपळावरचा मुंज्या आणि एस.टी.तला मुंज्या

 

मागच्या महिन्यात खामगाव तालुक्यातल्या आमच्या बचत गटाची बैठक लवकर आटोपली. एका ताईच्या घरी टीव्हीवर ‘मुंज्या’ लावला होता. ‘स्त्री’ हा 2018 चा भुताचा विनोदी सिनेमा आपल्यापैकी बऱ्याच जणींनी पाहिला असेल. ‘मुंज्या’ त्याच घरातला धाकटा. गोष्ट मात्र वेगळी. आम्हाला वाटलं, पहिला चालला म्हणून दुसरा काढला असेल. दहा मिनिटं बघू आणि उठू. पण शेवटपर्यंत कोणी उठलं नाही.

7 जून 2024 ला आलेला हा सिनेमा हिंदी असला तरी दिग्दर्शक आपले मराठी, आदित्य सरपोतदार. आजीच्या भूमिकेत सुहास जोशी आहेत. आणि भूत तर आपल्या ओळखीचंच! मुंज झाली, पण सोडमुंजीआधी पोरगा गेला, की तो मुंज्या होऊन पिंपळावर राहतो, हे आपण आजीकडून ऐकलेलं.

सिनेमातला गोट्या कोकणातला. 1952 ची गोष्ट. त्याला आवडणारी मुन्नी त्याच्याहून सात वर्षांनी मोठी, आणि तिचं लग्न दुसरीकडे ठरतं. ती मिळावी म्हणून हा सख्ख्या बहिणीचा बळी द्यायला निघतो आणि स्वतःच मरतो. मेल्यावरही हट्ट सुटत नाही. पुढे मुन्नीची नात बेला दिसली, की हिच्याशी लग्न लावा म्हणून मागे लागतो. बेलाला काय हवं, हे तो एकदाही विचारत नाही.

बिट्टू नावाचा भित्रा पोरगाही मनातून बेलावर प्रेम करतो. पण तिच्यावर हक्क सांगत नाही. आम्हाला सगळ्यात जास्त आवडलं ते हेच.

सिनेमा संपला. सगळ्या हसत होत्या. तेवढ्यात त्या घरची अकरावीतली पोरगी म्हणाली, “आई, मुंज्या काई पिंपळावरच नाई राहत. एस.टी.तबी बसते.”

हसणं थांबलं. दोन महिन्यांपासून एक मुलगा तिच्या मागे होता. तिनं आईला सांगितलंही होतं. आई म्हणाली होती, “तू खाली मान घालून जात जाय.” त्या रात्री ती ताई आमच्यासमोर रडली. पण खरं सांगायचं, तर आम्हीही आपापल्या लेकींना हेच सांगत आलो होतो.

हिंगणघाट आठवतं ना? फेब्रुवारी 2020 मध्ये एकतर्फी प्रेमातून एका प्राध्यापिकेला भर रस्त्यात पेटवलं. सात दिवसांनी ती गेली.

मैत्रिणींनो, नको म्हटल्यावरही मुलीचा पाठलाग करणं हा कायद्यानं गुन्हा आहे. महिलांसाठी 181, मुलांसाठी 1098 आणि तातडीच्या मदतीसाठी 112 हे नंबर घरातल्या भिंतीवर लिहून ठेवा.

दुसऱ्या दिवशी आम्ही चौघी त्या पोरीसोबत स्टँडवर गेलो. नंतर त्या मुलाच्या आईला भेटलो. भांडलो नाही, पण सगळं स्पष्ट सांगितलं. आता पोरगी मान वर करून कॉलेजला जाते.

आणि गटात एक ठरलं. लेकींना सांभाळून राहा सांगतो, तसंच लेकांनाही सांगायचं: ती नाही म्हणाली, की विषय संपला. हे घरी शिकवलं नाही, तर मुंज्या आपल्याच घरात वाढेल.