वेषावरून माणसाची पारख
(वार्षिक मेळाव्यात म्हसवड मुक्कामी केलेले भाषण)



चालकांनी चार शब्द बोलण्याची आज्ञा केली, तिला मान देऊन आम्ही उभे आहोत.

जानेवारी २०२२ मध्ये कर्नाटकातील तुमकूर येथे घडलेली हकीकत पुष्कळांनी वाचली असेल. एक शेतकरी मोटारीच्या पेढीत मालवाहू गाडी घेण्यास गेला. त्याचा साधा वेष पाहून, खिशात दहा रुपये तरी आहेत काय, अशा अर्थाचे शब्द विक्रेत्याने ऐकविले. त्या स्वाभिमानी गृहस्थाने तासाभराच्या आत दहा लक्ष रुपये रोख आणले व गाडी आजच द्या, म्हणून सांगितले. पेढीस ते जमले नाही. प्रकरण पोलिसांपर्यंत गेले व अखेर क्षमायाचना झाली.

विक्रेत्याची बाजूही पाहिली पाहिजे. गाडी खपली तर त्याची कमाई. नुसते पाहून जाणारेही फार. म्हणून तो जोडे आणि घड्याळ पाहून गिऱ्हाईक ताडतो. परंतु ही फूटपट्टी आपल्या मुलखात खोटी ठरते. दुष्काळाने बाहेर पडलेल्या माणदेश, आटपाडी, खानापूरकडील कुटुंबांनी सोन्याचांदीच्या गलाईची दुकाने देशभर थाटली. त्यांतील कित्येकांचे वडील अजून धोतर-पटक्यातच असतात.

याच म्हसवडात श्रीमती चेतना सिन्हा यांच्या पुढाकाराने महिलांची बँक निघावयाची होती. सभासद भगिनी निरक्षर, म्हणून रिझर्व्ह बँकेने प्रथम परवाना नाकारला. भगिनी अक्षरे शिकल्या, पुन्हा मुंबईस गेल्या आणि म्हणाल्या की, व्याजाचा हिशेब आम्हांला यंत्रावाचून करावयास सांगा. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

दुसऱ्यास दोष देणे सोपे आहे. शिक्षक असताना फाटक्या सदऱ्याच्या एका मुलास आम्ही काही न विचारताच मागील बाकावर बसविले. सहामाहीत गणितात तोच पहिला आला. उत्तरपत्रिकेवरील नाव आम्ही दोनदा वाचले. त्यास पुढे बसविले. पण चूक झाली, असे त्यास कधी म्हटले नाही. ती रुखरुख आजही आहे.

आपल्या सोयरिकीच्या बैठकीत तरी निराळे काय घडते? पाहुण्याचे जोडे आधी पाहिले जातात, मुलाचे गुण मागाहून. उंबऱ्याशी आलेल्यास प्रथम पाणी द्यावे, बसावयास सांगावे, मग कामाचे विचारावे. एवढा नेम प्रत्येक घराने धरावा.

मार्गशीर्षात श्रीसिद्धनाथाच्या रथाचा दोर ओढताना शेजारच्या हाताचा सदरा कोण पाहतो? तीच दृष्टी वर्षभर राहो, ही प्रार्थना करून आम्ही आपली रजा घेतो.