हाती आलेलं काम
(वसंत व्याख्यानमालेत अहिल्यानगर येथे दिलेले व्याख्यान)



'ईश्वरी इच्छा आणि जीवनाचा हेतू' हा विषय मला दिला आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळकांचं चरित्र तुम्हाला ठाऊक आहे. करजगावचा जन्म, नागपूरचे दिवस, १८९३च्या रेल्वेप्रवासात हाती आलेला नवा करार, १० फेब्रुवारी १८९५ला मुंबईत बाप्तिस्मा आणि मग आपलं नगर. त्यात वेळ घालवत नाही. माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. देवाची इच्छा माणसाला अख्खी कधीच कळत नाही. कळतं ते आजचं काम. ते जो करतो त्याला पुढचं दिसतं.

आपली तरुण मुलं विचारतात, "सर, प्रभूची माझ्यासाठी योजना काय?" नर्सिंगला जाऊ की डी.एड.ला, पुण्याला जाऊ की इथंच राहू? प्रार्थना करतात, खूण मागतात आणि तेवढ्यात फॉर्म भरायची तारीख निघून जाते. (हशा.) हसलात, पण तुमच्यापैकी कित्येकांच्या घरात हे घडलेलं आहे. भरवशाच्या नावाखाली आपण हमी मागत असतो.

हमीशिवाय पाऊल कसं टाकतात ते दिसावं म्हणून दोन मिनिटं टिळकांच्या पत्नी लक्ष्मीबाईंकडे वळतो. जलालपूरच्या गोखल्यांची ही लेक. वडिलांचं सोवळं इतकं कडक की बाजारातून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात येत नसे. अशा घरातली मुलगी. नवरा ख्रिस्ती झाल्याची बातमी तिच्यावर कोसळली. ती माहेरच्या माणसांत राहिली, मूल पदरात, आणि काही वर्षं तशीच गेली. पुढे नगरला नवऱ्याकडे आली तीही सोवळं सांभाळत. चूल वेगळी, पाणी वेगळं. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. मग एके दिवशी तिच्या मनात प्रश्न आला : जाती देवानं केल्या की माणसानं? देवानं केल्या असत्या तर माणसांच्या शरीरांत काही फरक ठेवला नसता का? हे तिनं कुणा पाळकाकडून ऐकलेलं नव्हतं, स्वतःच विचार करून काढलेलं होतं. त्यानंतर कुणाच्याही हातचं खायला ती मोकळी झाली. १९०० साली राहुरीला तिनं बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंचं 'स्मृतिचित्रे' घरात असेल तर हा भाग आज रात्री पुन्हा वाचा. मराठीत इतकं निर्भय आत्मकथन क्वचितच सापडेल...

चिठ्ठी आली आहे. वाचतो. "बायकोला वाऱ्यावर सोडणं ही ईश्वरी इच्छा कशी?"

प्रश्न रास्त आहे, आणि टाळ्या वाजवणाऱ्या भगिनींचाही राग रास्त आहे. तिथं मी टिळकांची वकिली करणार नाही. त्यांना आलेल्या हाकेची किंमत लक्ष्मीबाईंनी मोजली. ख्रिस्ती माणसानं हे झाकू नये. पण म्हणूनच सांगतो, नवऱ्याला आलेली हाक बायकोला उसनी घेता येत नाही. लक्ष्मीबाई टिळकांच्या मागोमाग ख्रिस्ती झाल्या असं कुणी म्हटलं की मला ते खटकतं. त्या आपल्या पायांनी, आपल्या वेळेला आल्या.

आणि आल्या तेव्हा समोर काय होतं? १८९९-१९००चा दुष्काळ. आपल्या जिल्ह्याला दुष्काळ काय असतो ते सांगायला नको. राहुरीच्या घरात पोरकी मुलं गोळा झाली. त्यांना जेवू घालायचं, न्हाऊ घालायचं. जीवनाचा हेतू शोधायला त्या बाईला सवड कुठं होती? मुलं दारात उभी होती, तोच हेतू. शाळेत न गेलेल्या त्याच बाईनं टिळकांमागे त्यांचं अपुरं राहिलेलं काव्य 'ख्रिस्तायन' पुरं केलं. तरुणपणी कुणी ही योजना तिच्यापुढे मांडली असती, तर तिनं दार लावून घेतलं असतं! (हशा.)

अध्यक्षांनी घड्याळ दाखवलं. टिळकांचं १९१७चं पर्व राहिलं, एका वाक्यात सांगतो : नाव झालेलं असताना, उतारवयात, मिशनचा पगार सोडून ते साताऱ्याला 'देवाचा दरबार', म्हणजे येशूच्या अनुयायांचा बंधुसंघ, मांडायला निघाले. एकदा उत्तर सापडलं म्हणून आयुष्यभराचं निश्चिंत झालं, असं त्यांचं झालं नाही.

"हे व्याख्यान की प्रवचन?" अशी दुसरी चिठ्ठी आहे. माझी श्रद्धा मी लपवणार नाही, पण कुणाला धर्म बदलायला सांगायला आलेलो नाही. गेथशेमाने बागेत खुद्द येशूनं संकट टळावं अशी विनंती केली आणि मग स्वतःला पित्याच्या हवाली केलं. ख्रिस्ती भरवसा आम्ही तिथं शिकतो. त्यात भीती बोलून दाखवायला मुभा आहे.

शेवटचं. हाक देवाची की आपल्याच हौसेची, हे ओळखायचं कसं? मी दोन गोष्टी पाहतो. त्या कामाची कुणाला तरी खरोखर गरज आहे का? आणि त्याची किंमत मी स्वतः मोजतोय की घरच्यांकडून वसूल करतोय? दुसऱ्या प्रश्नापाशी अडखळलात, तर थांबा, आणि ज्यांच्यावर ती किंमत पडणार आहे त्यांना आधी विचारा. पहिल्याचं उत्तर 'हो' असेल आणि दुसऱ्यातही तुम्ही खरे उतरलात, तर खुणेची वाट पाहू नका, कामाला लागा.