मूतखडा आणि शरीराचा ताळेबंद

(सुवर्ण महोत्सवानिमित्त दिलेले भाषण)

 

मी वैद्य नाही; धरणगावच्या बाजारपेठेत आयुष्यभर कापड मोजलेला माणूस आहे. तरी या विषयावर बोलण्याचा अधिकार मला एका खड्याने दिला. तीन वर्षांपूर्वी वैशाखातल्या एका रात्री कमरेतून जांघेकडे अशी कळ गेली की उभे राहवेना. औषध घेण्यासाठी चाळीस वर्षांचा चौविहार त्या रात्री मोडावा लागला. कळेपेक्षा तेच अधिक बोचले.

डॉक्टरांनी चौकशी केली तेव्हा माझी चूक उघड झाली. गुडघेदुखीसाठी साठ हजार युनिटांची ‘ड’ जीवनसत्त्वाची पुडी आठवड्यातून एकदा, अशी आठ आठवडे सांगितली होती. मी मनानेच ती वर्षभर घेतली आणि सोबत रिकाम्या पोटी कॅल्शियमची गोळी.

‘ड’ जीवनसत्त्व आतड्यातील कॅल्शियम रक्तात जमा करते. जमा वाजवीपेक्षा वाढली की मूत्रपिंड ते लघवीवाटे नावे टाकते. तेथे पाणी कमी असले तर कॅल्शियम व ऑक्झलेट यांचे स्फटिक जमतात. अमेरिकेत छत्तीस हजारांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या व २००६ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, रोज कॅल्शियमच्या गोळ्या व ‘ड’ जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मूतखड्याचे प्रमाण १७ टक्क्यांनी अधिक आढळले.

म्हणून दूध-दही सोडावे काय? मुळीच नाही. जेवणातील कॅल्शियम ऑक्झलेटला आतड्यातच बांधून ठेवते. इटलीतील २००२ च्या अभ्यासात, कॅल्शियम तोडणाऱ्यांपेक्षा ते नेहमीइतके घेऊन मीठ व मांसाहार कमी करणाऱ्यांना पाच वर्षांत सुमारे निम्म्यानेच खडे पुन्हा झाले. मांसाहाराचा प्रश्न आपल्याला नाही. पण पापड, लोणचे, शेव यांतले मीठ लघवीतील कॅल्शियम वाढवते. जेवणासोबत ताक घ्यावे, लिंबू घ्यावे. पालक व शेंगदाणे बेताने खावेत.

‘ड’ जीवनसत्त्वाची उणीवही खरी आहे. खान्देशात ऊन भरपूर, पण आपण दिवसभर दुकानाच्या सावलीत! तेव्हा औषध टाळू नये; रक्त तपासून, ठरलेल्या मुदतीपुरतेच घ्यावे.

सर्वांत मोठा इलाज पाणी. दिवसाला दोन ते अडीच लिटर लघवी व्हावी, असे डॉक्टर सांगतात. आपल्याकडच्या उन्हाळ्यात बरेच पाणी घामातच जाते. गिऱ्हाईक तुटेल म्हणून मी गादीवरून उठत नसे. आता उकळलेल्या पाण्याचा तांब्या गादीशेजारीच असतो. सूर्योदयापासून दर तासाला थोडे पितो, सूर्यास्तापूर्वी हिशेब पुरा करतो. चौविहार पुन्हा सुरू झाला आहे आणि नवा खडा अद्याप झालेला नाही. ज्यांना हा विकार आहे, त्यांनी तपश्चर्येपूर्वी तो गुरुभगवंतांना व डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावा. लपविण्यात पुण्य नाही.

जिनाज्ञेविरुद्ध काही बोललो असेन तर मिच्छामि दुक्कडम्.