इहेमा सरोवराच्या काठी



‘आफ्रिकेतील अरण्यनिवास’ असा विषय फलकावर लागला की श्रोत्यांच्या मनात सिंहाच्या शिकारीच्या कथा उभ्या राहतात. सिंहाची गोष्ट आम्ही सांगणारच आहोत. पण ती त्याला मारल्याची नव्हे, परत आणल्याची आहे. आणि तिच्यात सिंहाइतकेच मोठे पात्र गायीचे आहे. तेव्हा थोडा धीर धरावा.

रुआंडा हा विषुववृत्ताच्या किंचित दक्षिणेस असलेला डोंगराळ देश. क्षेत्रफळ सुमारे २६ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या साधारण बाराव्या हिश्शाएवढे. २०२२ च्या शिरगणतीप्रमाणे लोकसंख्या १ कोटी ३२ लाख. एका चौरस किलोमीटरात सुमारे ५०० माणसे! टेकडीच्या माथ्यापर्यंत केळी नि घेवडा लावलेला. अशा दाटीच्या देशात सिंहाला जागा कोणी आणि कशी द्यायची, हा खरा प्रश्न आहे.

राजधानी किगालीहून पूर्वेस मोटारीने अडीच-तीन तास गेले की डोंगर बसके होतात, गवताळ रान लागते. हेच अकागेरा राष्ट्रीय उद्यान. पलीकडे टांझानिया. सीमेवरून वाहणाऱ्या अकागेरा नदीवरून हे नाव पडले. ही नदी पुढे व्हिक्टोरिया सरोवराला मिळते, म्हणजे तिचे पाणी अखेर नाईलमधून इजिप्तपर्यंत जाते. नदीच्या अंगाने लव्हाळ्यांच्या दलदली आणि सरोवरांची माळच आहे. त्यांतले एक मोठे सरोवर इहेमा. त्याच्या काठी आम्ही उतरलो होतो.

तेथील भाषेत ‘इहेमा’ म्हणजे तंबू. १८७६ साली स्टॅन्ले या प्रवाशाने येथे तळ दिला होता, त्यावरून हे नाव पडले असे सांगतात. आमचे बिऱ्हाडही तंबूतच होते. मात्र तंबू म्हणजे जत्रेतली राहुटी नव्हे! काठच्या झाडीत लाकडी चौथरे उभारून त्यांवर कापडी खोल्या बांधलेल्या; आत पलंग, न्हाणीघर, सूर्याच्या उन्हावर चालणारे दिवे. नियम एकच, पण कडक: अंधार पडल्यावर एकट्याने बाहेर पाऊल टाकायचे नाही. जेवायला जायचे तर पहारेकरी विजेरी घेऊन न्यायला येणार आणि परत आणून सोडणार.

हा बंदोबस्त सिंहासाठी असेल असे वाटावे, पण तो मुख्यतः पाणघोड्यासाठी आहे. या प्राण्याची कातडी उन्हाने लवकर सुकते, म्हणून तो दिवस पाण्यात काढतो आणि रात्री चरायला जमिनीवर येतो. दीड टनाचे हे धूड एका रात्रीत मणभर गवत खाते. त्याच्या आणि पाण्याच्या मधे माणूस आला की ते बिथरते. रात्री आम्ही अंथरुणावर पडल्या पडल्या कापडापलीकडे त्याचे चरणे ऐकले. गोठ्यात बैल कडबा ओढतो तसाच तो आवाज. सकाळी पाहावे तो चौथऱ्याशेजारचे गवत खुरप्याने कापावे तसे सपाट झालेले. पहाटे मत्स्यगरुडाची किंकाळी, उन्हे वर आली की होडी; बेटांवर पाणकावळ्यांच्या वसाहती, चिखलात जबडा उघडून पडलेल्या मगरी. चार दिवस कसे गेले ते कळले नाही.

परंतु हे सुख आयते आलेले नाही. बेल्जियमच्या अमदानीत, १९३४ साली, सुमारे २,५०० चौरस किलोमीटरांचे हे उद्यान घोषित झाले. १९९४ च्या एप्रिलपासून शंभर दिवसांत या देशात आठ लाखांहून अधिक माणसांची कत्तल झाली. ती थांबल्यावर, १९५९ पासून परागंदा झालेली कुटुंबे युगांडा-टांझानियातून मायदेशी परतली. बरोबर गुरांचे कळप होते. त्यांना राहायला जमीन कोठली? ती उद्यानातून निघाली. १९९७ मध्ये उद्यान निम्म्याहून अधिक आटवण्यात आले. आज ते सुमारे १,१२० चौरस किलोमीटर आहे.

या लोकांचे गायीवरील प्रेम आपल्याला परके वाटणार नाही. जुन्या रीतीचा माणूस भेटला की ‘अमाश्यो’ म्हणतो, म्हणजे तुमच्या दारी गुरांचे कळप असोत. २००६ साली सरकारने गरीब कुटुंबाला एक गाय देण्याची योजना काढली. तिचे नावच ‘गिरिंका’, तुला गाय लाभो! अशा गायीवर सिंहाने झडप घातल्यावर मालकाने काय करावे? त्याने विष घातले. या शतकाच्या आरंभी अकागेरात सिंह उरला नाही. २००७ नंतर काळा गेंडाही दिसला नाही.

२०१० मध्ये सरकारने ‘आफ्रिकन पार्क्स’ या संस्थेशी करार करून उद्यानाचा कारभार संयुक्तपणे चालवायला घेतला. २०१३ मध्ये पश्चिम हद्दीवर सुमारे १२० किलोमीटरांचे विजेचे कुंपण पुरे झाले. त्यानंतरच २०१५ साली दक्षिण आफ्रिकेतून सात सिंह, २०१७ साली अठरा काळे गेंडे आणि २०२१ साली तीस पांढरे गेंडे आणले गेले. हा क्रम ध्यानात घ्यावा. आधी गायीला अभय, मग सिंहाला घर. हा क्रम उलटा झाला असता, तर विषाची पुडी पुन्हा निघाली असती.

आमचा वाटाड्या कुंपणाबाहेरच्या गावचा. त्याच्या वडिलांनी याच रानात गुरे चारली होती. आम्ही विचारले, “कुंपण बरे की वाईट?” तो म्हणाला, “पाऊस असला की बरे. दुष्काळात मात्र सरोवराचे पाणी टेकडीवरून दिसते आणि गाय तिथवर नेता येत नाही.” या उत्तरावर आम्हाला काही बोलता आले नाही.

आम्ही दिलेल्या भाड्याचा पैसा उद्यानाच्या राखणीकडे जातो. शिवाय राष्ट्रीय उद्यानांच्या पर्यटन-उत्पन्नाचा काही हिस्सा २००५ पासून शेजारच्या गावांना मिळतो. आरंभी तो शेकडा पाच होता, २०१७ पासून शेकडा दहा आहे. त्यातून शाळा, दवाखाने, पाण्याच्या सोयी होतात. पण शेकडा दहा पुरेसे आहेत काय, हे पाहुण्याने ठरवायचे नाही. ज्याची गाय तहानलेली आहे, त्याला विचारले पाहिजे. चंद्रपूरकडे वाघाच्या शेजारी गुरे राखणाऱ्या आपल्या बांधवांचा प्रश्न याहून फारसा वेगळा नाही.

रान राखावे की माणूस जगवावा, असा वाद आपण सभागृहात बसून सहज घालतो. रुआंडाला तो घालत बसण्याची सवड नव्हती. त्याने एवढ्या मोठ्या आघातानंतर अर्धे रान माणसांना दिले आणि उरलेले अर्धे निष्ठेने राखले. हा हिशेब अजून पुरा जुळलेला नाही. पण तो मांडलेला आहे, आणि दर वर्षी गावांचा वाटा त्यात लिहिला जातो. आपल्या रानांच्या वहीत तशी एक ओळ आहे का, हे घरी जाताना आपण एकमेकांना विचारावे, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.