सरावाचे मैदान आणि आपली मुले

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त जे. पी. नगर, बंगळूर येथे झालेल्या पालकसभेतील भाषण)



सुवर्णमहोत्सवाच्या कार्यक्रमात खो-खो, कबड्डी आणि लेझीम यांचा समावेश करावयाचे ठरले आणि आठवी ते दहावीतल्या मुलामुलींचा सराव गेल्या महिन्यापासून दर रविवारी सुरू झाला. त्या सरावाविषयी मी चार शब्द सांगावेत, अशी कार्यकारिणीची आज्ञा झाली. मी वक्ता नव्हे. उभी हयात हायस्कुलात शारीरिक शिक्षणाचा शिक्षक म्हणून घालविली. शिट्टीखेरीज दुसरे वाद्य मला वाजविता येत नाही. निवृत्तीनंतर मुलाकडे या जे. पी. नगरात येऊन राहिलो आणि आपल्या मंडळामुळे मला पुन्हा मैदान मिळाले. त्या ऋणापोटी आज थोडे स्पष्ट बोलणार आहे. प्रथम माझ्याच एका अपराधाची कबुली देतो.

गोष्ट १९७९ सालच्या मार्च महिन्यातली. सोलापूर जिल्ह्यातील एका हायस्कुलात मी नुकताच नोकरीस लागलो होतो. सामने तोंडावर आलेले, म्हणून दुपारी तीन वाजताच सराव घेत असे. नववीतला एक मुलगा उशिरा आला. मी त्यास मैदानाला दहा फेऱ्या मारण्याची शिक्षा फर्मावली. घामेजल्या अंगाने पाणी पिऊ नये, अशी माझ्या गुरूंची शिकवण होती आणि तीच मी मुलांस देत असे. तेव्हा पाण्याचा प्रश्नच नव्हता. आठव्या फेरीस त्याची पावले अडखळू लागली. तो काहीतरी असंबद्ध बोलू लागला. मी म्हणालो, "सोंग पुरे!" पुढच्या वळणावर तो कोसळला.

त्याचे अंग तव्यासारखे तापले होते. तालुक्याचा दवाखाना पाच कोसांवर. मी बैलगाडी शोधण्यास धावणार, तोच शाळेचे वयोवृद्ध शिपाईमामा पुढे झाले. त्यांनी दोन मुलांच्या मदतीने त्याला उचलले आणि बागेच्या हौदात गळ्यापर्यंत बसविले. मी ओरडलो, "मामा, अशाने त्याला बाधेल!" ते शांतपणे म्हणाले, "गुरुजी, बैल उन्हानं तापला तर आम्ही आधी पाणी ओततो, वैद्याला मागनं बोलावतो." एकाने डोके धरून ठेवले, दुसरा डोक्यावर तांब्याने पाणी घालीत राहिला. काही वेळाने मुलाने डोळे उघडून मला ओळखले, आणि मग आम्ही त्यास दवाखान्यात नेले. तो वाचला. आज तो स्वतः आजोबा आहे. पण "सोंग पुरे" हे माझे दोन शब्द अजूनही कधी कधी रात्री मला जागे करतात.

शिपाईमामांनी जे केले तेच आज वैद्यकशास्त्र सांगते, हे मला फार उशिरा कळले. परिश्रमाने होणाऱ्या उष्माघातात शरीराच्या आतले तापमान ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जाते आणि मेंदूचा ताबा सुटतो. बरळणे, चिडणे, तोल जाणे ही त्याची पहिली खूण. पुष्कळदा घाम वाहतच असतो, म्हणून "घाम येतो आहे म्हणजे ठीक आहे" हा समज घातक आहे. अशा वेळी साधारण अर्ध्या तासाच्या आत शरीर थंड झाले पाहिजे, आणि त्याचा सर्वोत्तम उपाय म्हणजे थंड पाण्यात बसविणे. अमेरिकेतील क्रीडावैद्यकाने याचे सूत्रच करून ठेवले आहे: आधी थंड करा, मग हलवा. रुग्णवाहिकेसाठी १०८ क्रमांक जरूर फिरवावा, पण ती येईपर्यंत हातावर हात ठेवून बसू नये.

आपण म्हणाल, हे सोलापूरला ठीक. बंगळुरात याची काय मातब्बरी? नेमका हाच गाफीलपणा मला भिवविणारा वाटतो. आपले शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचावर. इथली हवा गोड, त्यामुळे ऊन आपल्याला उन्हासारखे भासत नाही. परंतु २०२४ च्या एप्रिलअखेर याच शहरात पारा ३८ अंशांच्या वर गेला होता आणि त्याच उन्हाळ्यात पाण्याचीही टंचाई होती, हे आपण विसरलो नसाल. दुसरे असे की, मे महिन्यात आपली मुले आजोळी जातात. कोणी नागपूरला, कोणी सांगलीला, कोणी बेळगावला. आणि तिथल्या शिबिरात दुसऱ्याच दिवशी गावच्या मुलांच्या बरोबरीने धावू लागतात. गावच्या मुलांचे शरीर उन्हाला सरावलेले असते, आपल्या मुलांचे नसते. उष्णतेची सवय होण्यास शरीराला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिल्या आठवड्यात खेळ थोडा, विसावा फार आणि पाणी मागण्यापूर्वीच पुढे केलेले असावे. नातवंडांना आग्रहाने जेवू घालणाऱ्या आजीलाही हे अवश्य कळवा.

नियम म्हटले की मुलांना जाच वाटतो. पण आपल्या देशी खेळांचे नियम जरा उलगडून पाहा. पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली खो-खोचे नियम बांधले, तेव्हापासून या खेळाला शिस्त आली. खो-खोचा खांब जमिनीवर १२० ते १२५ सेंटिमीटर असावा एवढेच नियम सांगत नाही. तो सर्वांगी गुळगुळीत असावा, त्याचे टोक सपाट असावे आणि कुठेही धारदार कडा नसावी, हेही सांगतो. का? तर पळती पोर वेगाने येऊन त्याच खांबाला हाताने विळखा घालते व वळते. ज्याने हे लिहिले त्याने कोणाचा तरी फाटलेला तळहात पाहिला असला पाहिजे.

कबड्डीचे तर याहून बोलके. खेळाडूंची नखे काढलेली असावीत, अंगावर दागिना नसावा, अंगाला तेल लावू नये. चढाई करणाऱ्याचे तोंड दाबून त्याचा दम तोडणे, इजा होईल अशी पकड करणे, पायांची कैची घालणे, केस वा कपडे धरून ओढणे, हे सारे नियमबाह्य. मैदान सपाट आणि मऊ असावे. आता सांगा, यातला कोणता नियम केवळ गुणांसाठी आहे? आणि तरीही सामन्याच्या दिवशी पंच असतात म्हणून आम्ही हे पाळतो व सरावाच्या दिवशी "चालायचेच" म्हणून सोडून देतो. सामना अर्ध्यापाऊण तासाचा, सराव महिनोन्‌महिने. अंगावरची बहुतेक दुखणी मी सरावातच जोडलेली पाहिली आहेत.

मल्लखांबाचे उदाहरण मला फार आवडते. पेशवाईच्या अखेरीस बाळंभट्टदादा देवधरांनी त्यास शास्त्रशुद्ध रूप दिले. सागवानाचा वा शिसवाचा तो गुळगुळीत खांब, त्याला एरंडेलाचा हात, खाली गादी. एरंडेलाने कातडी खरचटत नाही. तालमीतील लाल मातीत ताक, तेल, हळद मिसळून ती लोण्यासारखी मऊ ठेवतात. जुन्या वस्तादांना शरीरशास्त्राची पुस्तके ठाऊक नसतील, पण पडणाऱ्याची काळजी त्यांना होती. बडोद्याचे राजरत्न प्रोफेसर माणिकराव व्यायामाचे आचार्य होते तसेच हाडे बसविण्यातही त्यांचा हातखंडा होता. घडविणारा हात सावरणाराही असावा, ही आपली परंपरा. (आणि बडोदेकरांचा तो अवाढव्य 'व्यायामज्ञानकोश' आपल्या मंडळाच्या वाचनालयात असावा, अशी माझी जुनी मागणी आहे. ग्रंथपालमहाशय ऐकत असतील अशी आशा करतो.)

परंपरेचे नाव घेऊन धोका अंगावर घेण्याची खोडही आपलीच आहे, हे लपवून काय उपयोग? दहीहंडीच्या थरांवर सर्वांत वरती कोण चढावे, यासाठी न्यायालयांची पायरी चढावी लागली. २०१४ साली मुंबई उच्च न्यायालयाने अठरा वर्षांखालील मुलांना मनाई केली आणि उंचीस वीस फुटांची मर्यादा घातली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले. २०१७ साली उंचीची मर्यादा उठली, वयाची अट चौदा वर्षे उरली. हंडी मलाही प्रिय आहे. पण ज्या लेकराचे वजन कमी म्हणून त्याला वर चढवितात, त्याचीच हाडे सर्वांत कोवळी असतात, हे मनातून जात नाही.

आता डोक्याच्या माराविषयी, कारण इथल्या प्रत्येक घरात एक तरी क्रिकेटपटू आहे. मार्च १९६२ मध्ये बार्बाडोस येथे आपला कर्णधार नरी काँट्रॅक्टर याला चार्ली ग्रिफिथचा चेंडू डोक्यावर लागला. शिरस्त्राण तेव्हा नव्हतेच. त्याला रक्त देण्यास बापू नाडकर्णी, चंदू बोर्डे व पॉली उम्रीगर यांच्यासोबत प्रतिपक्षाचा फ्रँक वॉरेलही पुढे झाला. काँट्रॅक्टर वाचला, पण पुन्हा कसोटी खेळला नाही. १९९८ साली ढाक्यात रमण लांबा शॉर्ट लेगवर शिरस्त्राणाविना उभा राहिला आणि आपण त्याला गमावले. अगदी दोन-चार चेंडूंसाठी म्हणून तो तसा उभा राहिला होता. तुमच्या गल्लीतला मुलगा हेच म्हणतो.

याहून फसवा तो न दिसणारा मार. मुलगा पडला, उठला, कपडे झटकून पुन्हा खेळू लागला, की आपण टाळ्या वाजवितो. मेंदूला हादरा बसण्यासाठी शुद्ध हरपावीच लागते असे नाही. डोके दुखणे, मळमळ, उजेड सहन न होणे, तेच तेच विचारणे, एवढेही पुरे. अशा मुलाला त्या दिवशी पुन्हा मैदानात उतरवू नये. पहिला हादरा शमण्यापूर्वी दुसरा बसला तर तो जिवावर बेततो. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात तेरा वर्षांचा एक मुलगा २००६ साली अशा माराने कायमचा जायबंदी झाला. त्याच्या नावाने २००९ मध्ये कायदा झाला, आणि पाच वर्षांत सर्वच राज्यांनी तसे कायदे केले: संशय आला की खेळाडूला बाहेर काढावे आणि वैद्याच्या लेखी परवानगीविना आत घेऊ नये. आंतरराष्ट्रीय क्रिकेटमध्येही २०१९ पासून डोक्याला मार बसलेल्याच्या जागी बदली खेळाडू घेता येतो. कसोटीवीराला जी सवलत, ती माझ्या आठवीतल्या पोराला का नसावी?

हृदयाविषयी थोडक्यात सांगतो. १२ जून २०२१ रोजी कोपनहेगनच्या मैदानात क्रिस्टियन एरिक्सन हा फुटबॉलपटू खेळता खेळता कोसळला, हे अनेकांनी दूरदर्शन संचावर पाहिले असेल. छातीवर तत्काळ दाब देणारी माणसे आणि विजेचा झटका देणारे यंत्र जवळच होते, म्हणून तो वाचला आणि पुढे पुन्हा खेळलाही. यासाठी दोन गोष्टी हव्यात. आपल्यापैकी निदान चार प्रौढांनी छातीवर दाब देण्याचे शिक्षण घ्यावे. मंडळात डॉक्टरांची वाण नाही. आणि पालकांनी मुलाची माहिती दडवू नये. धावताना कधी चक्कर आली होती काय, घराण्यात कोणी तरुणपणी एकाएकी गेले काय, दमा आहे काय, हे मला सांगा. संघातून वगळतील या भीतीने दम्याची फवारणी दप्तरात लपविणारी मुले मी पाहिली आहेत.

विजेचे भय आपल्या एप्रिल-मेमधील दुपारच्या वळवांत असते. गडगडाट ऐकू आला की खेळ बंद, सर्वांनी पक्क्या इमारतीत यावे, आणि शेवटच्या गडगडाटानंतर तीस मिनिटे बाहेर पडू नये. मैदानाकडेच्या झाडाखाली तर मुळीच उभे राहू नये.

एक विषय असा की जो सभेत बोलण्यास जड जातो. प्रशिक्षक हा मुलाच्या शरीराला हात लावतो. पकड शिकविताना लावावाच लागतो. म्हणूनच तिथे दुसरा प्रौढ माणूस हजर असावा. एकट्या मुलाला वा मुलीला स्वतंत्र सरावासाठी बोलावू नये. मुलींच्या सरावास एक तरी भगिनी उपस्थित असावी आणि एखादी मुलगी "आज मी बसते" म्हणाली तर कारण विचारू नये. २०१२ चा बालकांच्या लैंगिक संरक्षणाचा कायदा मैदानालाही लागू आहे, आणि १०९८ हा क्रमांक मुलांना पाठ असावा. हे नियम माझ्यावरही आहेत. मला त्यात अपमान वाटत नाही, तुम्हीही संकोचू नका. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने शारीरिक शिक्षा निषिद्ध ठरविली आहे. मैदानाच्या फेऱ्या ही शिक्षा नव्हे असे मी पूर्वी समजत असे. ती काय असते, ते मी आरंभी सांगितलेच.

तर येत्या रविवारपासून सराव सकाळी साडेसहा ते आठ होईल. उन्हाळा वाढला तर आणखी लवकर. दर वीस मिनिटांनी पाणी. नखे मी स्वतः तपासणार. कबड्डीत जोड्या वयाप्रमाणे नव्हे तर वजनाप्रमाणे लावीन, त्यामुळे धाकट्याने थोरल्याशी खेळण्याचा हट्ट धरू नये. दोन पालक पाळीपाळीने पूर्ण वेळ थांबतील, त्यांपैकी एकाकडे वाहन असावे. प्रत्येक मुलाच्या नावापुढे घरचा दूरध्वनी आणि आजाराची नोंद असलेली वही माझ्यापाशी राहील. ती इतर कोणी पाहणार नाही.

राहता राहिला हौद. तो इथे कुठला मिळणार? पाणी भरून ठेवता येईल आणि मूल आत बसू शकेल असे मोठे घंगाळ किंवा प्लास्टिकचा टब कोणाच्या घरी पडून असेल, तर कृपया सभा संपल्यावर मला भेटा. बर्फाची व्यवस्था मी कोपऱ्यावरच्या उसाच्या रसवाल्याशी बोलून ठेवली आहे.