आबांची लोखंडी पेटी

आजचा भाग छोटा आहे, पण आमच्या घरात या विषयावर तीन दिवस वाद चालला होता.

आम्ही गडमुडशिंगीचे. पावसाळ्याआधी माळा साफ करायला काढला आणि कोपऱ्यात आबांची लोखंडी पेटी सापडली. आबा, म्हणजे माझे आजोबा. त्यांच्याकडं शेतीसंरक्षणाच्या परवान्यावरची ठासणीची बंदूक होती. बंदूक त्यांनी हयातीतच रीतसर विकली. पेटी मात्र सगळे विसरले. आत काय? डब्यात काळी दारू, केपांची डबी, शिशाचे छर्रे, दारू मोजायचं माप आणि छर्रे ओतायचा साचा.

आता करायचं काय? काका म्हणाले, "रात्री विहिरीत टाकू, विषय संपला." चुलतभाऊ म्हणाला, "चिमूटभर पेटवून रील करूया की!" आज्जी म्हणाली, "ऱ्हाऊ दे रं, त्यांची आठवण हाय." आणि पप्पा गप्प. पोलिसांकडं गेलो तर आपल्यालाच अडकवतील, ही भीती त्यांच्या तोंडावर दिसत होती. खरं सांगतो, मलाही तीच होती.

मग ओळखीच्या वकिलांना विचारलं. त्यांनी शस्त्र अधिनियम १९५९ समजावला. या कायद्यात दारूगोळा म्हणजे फक्त तयार काडतूस नाही. बंदुकीचा बार, त्याचं साहित्य, दारूगोळ्याचे भाग आणि तो बनवायची यंत्रसामग्रीसुद्धा त्यात येते. म्हणजे ज्याला आम्ही भंगार समजत होतो, तो साचाही साधी वस्तू नव्हता. कलम २१ म्हणतं, वस्तू बाळगण्याचा हक्क संपला की विनाकारण उशीर न करता ती जवळच्या पोलीस ठाण्यात जमा करायची. परवानाधारक विक्रेत्याकडंही जमा करता येते, पण त्याला अटी आहेत.

आणि जुनी दारू म्हणजे मेलेली दारू, हा गैरसमज काढून टाका. सोरा, गंधक आणि कोळसा यांचं ते मिश्रण. कोरडं राहिलं तर कितीही वर्षांनी एका ठिणगीनं पेट घेतं. केप तर आघातानंच फुटण्यासाठी बनवलेली असते. विहिरीत टाकलं असतं तर शिसं आमच्याच पाण्यात गेलं असतं.

म्हणून आम्ही पेटी हलवलीच नाही. मोटारसायकलवर ठेवून ठाण्यात न्यायचा तर प्रश्नच नव्हता. लांबून फोटो काढला, माळ्याची शिडी काढून ठेवली, पोरांना बजावलं. पप्पा आबांचं परवान्याचं पुस्तक आणि बंदूक विकल्याची पावती घेऊन ठाण्यात गेले. काय सापडलं, कधी सापडलं, हे लिहून दिलं. पोलीस घरी आले, प्रश्न विचारले, पंचनामा केला आणि पेटी घेऊन गेले. पप्पांनी पोच मागून घेतली. त्या रात्री ते बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवले.

आज्जीला वाईट वाटलं. तिच्यासाठी मी परवान्यावरचा आबांचा तरुणपणीचा फोटो मोठा करून आणला. ती बघत बसली, मग म्हणाली, "पेटीपेक्षा हे बरं."

तुमच्या घरात अजून बंदूक असेल तर एक लक्षात ठेवा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे परवानाधारक सत्तर वर्षांचा झाला किंवा शस्त्र पंचवीस वर्षं त्याच्याकडं असलं, तर तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. वारसाला परवान्यासाठी अर्ज मात्र करावाच लागतो. त्यामुळं आजोबा आहेत तोवर विचारा : बंदूक कुठं आहे, कागद कुठं आहेत, आणि माळ्यावर अजून काय आहे?

आमच्या घरात हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्ही आज रात्री जेवताना विचारा. भेटूया पुढच्या भागात.