प्रयत्न आणि देणे : एका इंग्रजी क्रियापदाची कुळकथा

(हीरक महोत्सवानिमित्त झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील व्याख्यान)



मराठी शाळेच्या हीरक महोत्सवात एका इंग्रजी शब्दावर बोलायला उभा राहिलो आहे, याचे आपणांस नवल वाटेल. या शाळेत मराठीतून शिकलो आणि पुढे सारे आयुष्य इंग्रजी शिकवण्यात गेले. त्यामुळे दोन्ही भाषांच्या उंबरठ्यावर उभे राहून शब्द न्याहाळण्याची सवय जडली आहे. आज ज्या शब्दाविषयी बोलणार आहे तो आहे 'एन्डेव्हर'. बँकांच्या सूचनाफलकांवर, सरकारी पत्रांत, कंपन्यांच्या अहवालांत तो हमखास भेटतो. ग्राहकांची उत्तम सेवा करण्याचा आमचा प्रयत्न राहील, अशा आशयाच्या वाक्यात तो बसवलेला असतो. असे वाक्य वाचले की काम होणार नाही, असेच आपण मनोमन समजतो. मराठीतही 'बघू, प्रयत्न करतो' या उत्तराचा अर्थ लहान मुलालासुद्धा कळतो. मात्र या शब्दाचे मूळ शोधू गेले, तर निराळेच काही हाती लागते.

प्रयत्न या अर्थाची इंग्रजी क्रियापदे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येकाचे कूळ वेगळे आहे. आपली मुले सर्रास वापरतात तो 'ट्राय' हा शब्द जुन्या फ्रेंचमधून आला. त्याचा मूळ अर्थ निवडणे, वेगळे काढणे असा होता. आपल्या आया धान्य निवडीत, तसे. निवडण्यातून पारखणे आले, पारखण्यातून न्यायालयातील 'ट्रायल' आली, आणि करून पाहणे हा अर्थ त्यानंतर रुळला. 'अटेम्प्ट' हा शब्द लॅटिनमधला. त्याच्या मुळाशी चाचपून पाहणे आहे. 'स्ट्राइव्ह' मात्र भांडणातून जन्मला. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ झगडणे, स्पर्धा करणे असा होता, आणि कलह या अर्थाचा 'स्ट्राइफ' त्याचाच भाऊबंद आहे. या शहरात आपल्या कानांवर रोज पडणारा 'कोशिश' हा शब्द फारसीतून आला. आपला 'प्रयत्न' संस्कृतातील 'यत्' या धातूपासून सिद्ध झाला. म्हणजे कोणी निवडून पाहतो, कोणी चाचपून, कोणी झगडून. या सगळ्यांत प्रयत्न करणारा माणूस आणि त्याचे काम एवढी दोनच टोके आहेत. तिसरे कोणी नाही.

'एन्डेव्हर'मध्ये हे तिसरे कोणीतरी आहे. फ्रेंच भाषेत 'दव्हार' असा एक शब्द आहे. त्याचा अर्थ कर्तव्य. चौदाव्या शतकाच्या सुमारास इंग्रजीत 'स्वतःला कर्तव्यात घालणे' अशा अर्थाचा वाक्प्रचार रूढ झाला. बोलता बोलता त्यातले शब्द एकमेकांना चिकटले आणि पंधराव्या शतकात त्यांचे एक क्रियापद झाले. आरंभी ते आत्मवाचक पद्धतीने, म्हणजे 'स्वतःला' या शब्दासह वापरले जाई. आपण मराठीत 'त्याने संशोधनाला वाहून घेतले' म्हणतो, तसेच काहीसे. वाहायचे स्वतःलाच, घ्यायचेही स्वतःच. पुढे 'स्वतःला' हा शब्द गळून पडला. शब्द गळाला आणि त्याबरोबर त्यातली जबाबदारीही हळूहळू सैल झाली.

आणखी एक पायरी खाली उतरू. फ्रेंच 'दव्हार' आला लॅटिन 'देबेरे'पासून, आणि 'देबेरे' म्हणजे देणे लागणे. 'डेट', 'डेबिट', 'ड्यू', 'ड्यूटी' ही सगळी त्याच घरातली लेकरे. आपल्या पासबुकातील 'डेबिट' आणि 'एन्डेव्हर' हे सख्खे नव्हे, तरी चुलत नातलग आहेत. 'देबेरे'चीही फोड करता येते : दुसऱ्याकडचे आपल्याजवळ असणे. जे माझ्यापाशी आहे ते मुळात माझे नाही, म्हणून मला ते परत करायचे आहे. फ्रान्समधील मुले शाळेच्या गृहपाठालाही याच शब्दाचे अनेकवचन वापरतात. गृहपाठ म्हणजे देणी!

ही कल्पना समजायला मराठी माणसाला इंग्रजी कोशाची फारशी गरज नाही. 'देणे' हे आपल्याकडे क्रियापदही आहे आणि नामही आहे. वाण्याचे देणे असते, तसे समाजाचेही देणे असते. आपल्या परंपरेत माणूस जन्मतःच ऋणी मानला गेला आहे. तैत्तिरीय संहितेत ऋषी, देव आणि पितर यांची तीन ऋणे सांगितली आहेत. यज्ञाने देवांचे ऋण फिटते, संततीने पितरांचे, आणि ऋषींचे ऋण फिटते अध्ययनाने. यातले मर्म असे की ऋषींचे ऋण ऋषींना परत करता येत नाही. ते हयातच नसतात. ज्याच्याकडून घेतले त्याला न देता, पुढे येणाऱ्याला द्यावे, अशी या व्यवहाराची रीत आहे.

आता हा शब्द आपल्या दारात कसा आला ते सांगतो. भारताच्या राज्यघटनेत तो एकाहून अधिक ठिकाणी आहे. त्यांपैकी दोन कलमे आपल्या शाळेशी थेट संबंधित आहेत. 1950 साली घटना अंमलात आली, तेव्हा 45 व्या कलमाने राज्यावर एक काम सोपवले. दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असे ते कलम होते. तेथे क्रियापद होते 'एन्डेव्हर'. मुदत 1960 साली सरली. मुले मात्र शाळेबाहेरच राहिली. 1993 साली उन्नीकृष्णन खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चौदा वर्षांपर्यंतचे शिक्षण हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. 2002 च्या 86 व्या घटनादुरुस्तीने 21-क हे कलम आले, 2009 साली कायदा झाला आणि 1 एप्रिल 2010 रोजी तो लागू झाला. दहा वर्षांचे देणे साठ वर्षांनी हक्क म्हणून कायद्यात उतरले. 'प्रयत्न' शब्दाचा 'बघू' असा अर्थ घेतला की काय होते, याचे याहून मोठे उदाहरण माझ्या माहितीत नाही.

दुसरे कलम 350-क. भाषावार प्रांतरचनेच्या वेळी, 1956 च्या सातव्या घटनादुरुस्तीने ते घटनेत आले. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावे, यासाठी पुरेशा सोयी करण्याचा प्रयत्न प्रत्येक राज्याने आणि स्थानिक संस्थेने करावा, असे ते सांगते. येथेही शब्द तोच, 'एन्डेव्हर'. शिवाय 30 वे कलम भाषिक अल्पसंख्यांना स्वतःच्या शिक्षणसंस्था स्थापण्याचा व चालवण्याचा हक्क देते. महाराष्ट्राबाहेर राहणारे आपण सारे या दोन कलमांच्या छायेत आहोत. एक कलम हक्क देते, दुसरे शासनाला देणेकरी ठरवते. पण केवळ कलमांच्या बळावर वर्ग भरत नाही. घंटा कोणीतरी वाजवावी लागते, फळा कोणीतरी पुसावा लागतो, पाठ्यपुस्तके दुसऱ्या राज्यातून कोणीतरी वेळेवर आणावी लागतात. साठ वर्षांपूर्वी नोकरीधंद्यासाठी या शहरात आलेल्या मराठी कुटुंबांनी ही कामे अंगावर घेतली. त्यांच्यापैकी किती जणांना 'एन्डेव्हर'ची व्युत्पत्ती ठाऊक असेल कोण जाणे. त्या शब्दाचा मूळ अर्थ मात्र त्यांनी आचरणात आणला.

पालकहो, आता आपल्याशी थोडे बोलतो. मराठी माध्यमात मूल घातले तर ते इंग्रजीत मागे पडेल, बदली झाली तर त्याचे कसे होईल, ही आपली चिंता खोटी नाही. तिला भावनेने उत्तर देता येत नाही. वर्गात इंग्रजी उत्तम शिकवूनच ते द्यावे लागते. ते शाळेचे देणे आहे आणि शाळेकडून ते आपण जरूर वसूल करावे. माझे मागणे वेगळे आहे. मुलाला अभ्यासाला बसवताना आपण त्याच्यापुढे कोणते क्रियापद ठेवतो, याचा विचार करावा. आज बहुतेक घरांत 'स्ट्राइव्ह' चालते. शेजारच्या मुलाला किती गुण मिळाले, वर्गात कितवा आला, प्रवेशपरीक्षेत किती मुलांना मागे टाकले. ही कलहाची भाषा आहे, आणि तिच्यात एक जिंकला की बाकीचे हरतात. 'एन्डेव्हर'चा हिशेब निराळा असतो. तुला जे मिळाले त्याच्या मानाने तू किती दिलेस, एवढाच प्रश्न तो विचारतो. या प्रश्नात दुसऱ्या मुलाला जागा नाही. कमी गुण मिळालेले मूलही त्याचे उत्तर मान ताठ ठेवून देऊ शकते. आणि नव्वद टक्के मिळवणाऱ्या मुलालाही त्याचे उत्तर देताना विचार करावा लागतो.

आणि माझ्या माजी विद्यार्थी मित्रांनो, सत्कारसमारंभात आपल्याकडे एक वाक्य ठरलेले असते : 'मी आपल्या ऋणातच राहू इच्छितो.' वाक्य नम्र आहे, गोड आहे, आणि सोयीचेही आहे. कायम ऋणात राहायचे ठरवले की फेडायची तारीख येतच नाही. या शाळेची फी आपल्या पालकांनी भरली, हे खरे. पण सुट्टीच्या दिवशी बोलावून गणित पुन्हा समजावून देणाऱ्या बाई त्या फीमध्ये नव्हत्या. आपल्यापैकी अनेकांनी आज देणग्या जाहीर केल्या. त्या शाळेला हव्याच आहेत. त्यांच्यासोबत मी एक तास मागतो. या शहरात राहणाऱ्याने आठवड्यातून एक तास वर्गात येऊन मुलांशी इंग्रजीत बोलावे, प्रयोगशाळेत उभे राहावे, ग्रंथालयातील पुस्तकांची नोंद करावी. दूर राहणाऱ्याने तोच तास संगणकाच्या पडद्यावरून द्यावा. पालकांची जी चिंता मी आत्ता सांगितली, तिच्यावर याहून खात्रीचा उपाय मला दिसत नाही. जो इथे मराठीतून शिकला आणि आज सहज इंग्रजीत वावरतो, त्याला समोर पाहिले की पालकांना निराळा युक्तिवाद ऐकवावा लागणार नाही.

एक खुलासा करतो. देणे म्हटले की ओझे वाटते, पण देण्यात एक मोकळेपणही आहे. यशासाठी केलेला प्रयत्न यश न मिळाल्यास वाया गेलासा वाटतो. देणे फेडण्यासाठी केलेला प्रयत्न तसा वाया जात नाही. जेवढे दिले तेवढे जमेस धरले जाते. ही शाळा आणखी साठ वर्षे चालेल की नाही, हे आज येथे बसलेल्यांपैकी कोणी सांगू शकणार नाही. पुढच्या जूनमध्ये पहिलीचा वर्ग भरावा, एवढे मात्र आपल्या हातात आहे, आणि ते आपले देणेही आहे. बाहेरच्या टेबलावर बाईंनी एक वही ठेवली आहे. तिच्यात आपले नाव आणि देऊ शकाल तो वार लिहून जावे, ही विनंती.